श्वास घेणारा पाइप

पाळी सुरू व्हायची वेळ झाली, तरी यंत्रांपाशी चिटपाखरू नव्हतं. अख्खा कारखाना वाफेच्या मोठ्या पाइपासमोर हात जोडून उभा! या पाइपाच्या मधोमध पत्र्याच्या घड्यांचा एक जोड असतो, त्याला आम्ही बेलो म्हणतो. कुठूनसा आलेला एक भगवा बाबा डोळे मिटून घंटा वाजवत होता आणि त्या घड्या खरोखरच हळूहळू मिटत होत्या. पाइप श्वास घेतोय म्हणे! चांगले शिकलेसवरलेले मॅनेजरसाहेबसुद्धा डोळे पुसत होते. मला किळस आली.

कारण शेजारच्या पाइपावरचा बेलो नुकताच फुटला होता. त्याखाली काम करणारा माझा धाकटा भाऊ थोडक्यात बचावला होता. आता नवा बेलो बाबाने कॅटलॉगवर बोट फिरवून निवडला, सगळ्यात कमी घड्यांचा. कमी घड्या, कमी पीडा म्हणे. स्टोअरवाल्याने नेहमीप्रमाणे पाइपाचं तोंड जुळतंय एवढंच पाहिलं. फुटलेला बेलोही त्याने असाच आणला होता. देखभालीचा इंजिनिअर मी, पण मला विचारतो कोण!

मी तडक बॉयलरवाल्याला गाठलं. त्याने सरळ सांगून टाकलं, की घंटा ऐकू आली की वाफ सोडायची, असं बाबाच्या चेल्याने त्याला बजावलं होतं. त्याला वाटलं, मुहूर्त असेल. मी म्हटलं, उद्या माझा फोन आल्याशिवाय सोडू नकोस.

दुसऱ्या दिवशी बाबा घंटा बडवून बडवून घामाघूम झाला. एक घडी हलली तर शपथ! मग कुणाची तरी पापी नजर लागलीय, असं तो माझ्याकडे बघत बरळू लागला. मी फोन केला. घंटा गप्प होती, तरी घड्या मिटू लागल्या.

"रात्रभर गार पडलेला पाइप वाफेने तापला की लांबतो," मी सगळ्यांना सांगितलं. "ती वाढ बेलो पोटात घेतो. पाइप किती लांबणार, दाब किती, उष्णता किती, याचा हिशेब करून बेलो निवडायचा असतो. बाबाचा बेलो निम्मी वाढही सोसणार नाही. तोही फुटेल."

एवढं होऊनही मॅनेजरसाहेब चाचरत म्हणाले, "पण बाबांचा शब्द मोडायचा कसा?"

माझं डोकंच फिरलं. मी बाबाकडे वळलो. "नका मोडू. तुमचाच बेलो बसवतो. पहिली वाफ सोडताना माझ्या भावाच्या जागी तुम्ही बसा."

बाबाला अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. चेल्याला घेऊन त्याने काढता पाय घेतला.

तुमच्याकडेही असा कुणी आला, तर हात जोडण्याआधी वाफ बंद करून बघा. आणि जिथे तो स्वतः बसायला तयार नाही, तिथे त्याच्या भरवशावर कुणाच्या भावाला बसवू नका.