जडातलं जड मशीन

माणूस एकटा पडला की त्याला नसते उद्योग सुचतात म्हणतात. पण श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातल्या विठोबा तांडेलाला जो सुचला, तो कुणाच्या स्वप्नातही आला नसता. अख्खा जन्म दर्यावर गेलेला, मोबाइलवर फोन उचलायचा नि ठेवायचा एवढंच येणारा हा बाबा एके सकाळी बाजारातल्या प्राचीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "बाय, गेम खेळायचं एक मशीन बांधायचं हाय. चांगलं जड बांध."

प्राचीला वाटलं, नातवासाठी असेल. नातू कुठला? लेकाचंच अजून लग्न झालं नव्हतं. लेक विनेश पनवेलला एका कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करायचा, शिमग्याला दोन दिवस तोंड दाखवायचा आणि परत. बायको नीराबाई जाऊन तीन पावसाळे झाले होते. एका माणसापुरतं कालवण करायला विठोबाचा हात अजून वळत नव्हता, म्हणून अर्धं शेजारच्या ठमाबाईकडे जायचं. उरलेलं तो खायचा आणि घर त्याला खायचं.

तर झालं काय, की दिवाळीत विनेश फोनवर सहज म्हणाला, "घरी चांगला पीसी असता ना बाबा, तर महिना-महिना तिथूनच काम केलं असतं. संध्याकाळी गेम, जेवायला तुझ्या हातचं कालवण. आणखी काय पाहिजे?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोरं बोलतात आणि विसरतात. पण ऐकणारा रिकाम्या घरात बसलेला असला की तो काही विसरत नाही.

आता कोळ्यांची एक रीत आहे. पोराचे पाय मुंबईकडे वळायला लागले की बाप त्याच्या नावाने होडी बांधायला घेतो. स्वतःची होडी बंदरात असली की माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? विठोबाला त्याच्या बापाने असंच थांबवलं होतं. विनेशच्या वेळी ते जमलं नाही, कारण पोराला बोट लागायची. पहिल्याच फेरीत ओकून ओकून पिवळा पडला होता बिचारा. होडी नाही तर नाही, मशीन बांधू, असं म्हाताऱ्याने मनाशी ठरवून टाकलं.

होडी बांधताना मालक रोज सुताराच्या पुढ्यात जाऊन बसतो. विठोबाही तसाच रोज प्राचीच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसायला लागला. पोरगी गुणाची, वैतागली नाही. तिने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, "काका, काम आणि खेळ दोन्ही करायचं तर चांगला लॅपटॉप घ्या ना. सुटसुटीत."

"लॅपटॉप नको."

"का हो?"

"तो काखोटीला मारून नेता येतो."

प्राचीने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि लॅपटॉपचं नाव पुन्हा काढलं नाही. तिने मोठ्यातला मोठा लोखंडी कॅबिनेट दाखवला. विठोबाने तो उचलून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि विचारलं, "याच्याहून जड न्हाय?" कॅबिनेटच्या एका बाजूला काच होती. मशीनला खिडकी कशाला, हे काही त्याला कळेना. आतले रंगीत दिवे दिसायला, असं प्राची म्हणाली, तेव्हा तो कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसला.

दुसरी अट त्याने गंभीरपणे सांगितली. आत ठेवलेलं बुडता कामा नये. घरात आधी एक कॉम्प्युटर होता, दर्याकडच्या खिडकीत. खारा वारा आणि घटकेघटकेला जाणारी लाईट, दोघांनी मिळून एक दिवस त्याची डिस्क खाल्ली. विनेशचे कित्येक वर्षांचे गेम, कॉलेजचं काम, नीराबाई होळीला नाचली होती तो व्हिडिओ, सगळं गेलं. "या घरात काही टिकतच नाही," असं तेव्हा विनेश म्हणाला आणि त्याच वर्षी पनवेलला गेला. ते वाक्य विठोबाच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. प्राचीने सांगितलं की गेम वेगवान एसएसडीवर चालतील आणि जपायचं ते दोन हार्ड डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जाईल. एक गेली तरी दुसरी जशीच्या तशी.

"आणि दोन्ही एकदम गेल्या तर?"

"तशी वेळ सहसा येत नाही, काका."

"दर्यावर येते," विठोबा म्हणाला.

मग तिने लाईट गेली तरी मशीन धडकन बंद पडू नये म्हणून यूपीएस दिला, पंख्यांना जाळ्या बसवल्या आणि टेबल आतल्या खोलीत हलवायला लावलं. टेम्पोतून उतरवताना विठोबाच्या कमरेत उसण भरली. कण्हत होता, पण स्वारी खूश होती. एवढं जड आहे म्हणजे आता हे काही हलत नाही.

शिमग्याला विनेश आला तो मित्राच्या, विपुलच्या गाडीतून. आतल्या खोलीत जाऊन बघतो तर काय, दारातच थबकला. मग बापाला त्याने मिठी मारली. लहानपणानंतर मारली नव्हती. बाहेर पालखी नाचत होती, ढोल वाजत होता, तरी विनेश आणि विपुल दोघं पठ्ठे त्या मशीनसमोरून हलेनात. विठोबा चुलीपाशी सुरमई तळत त्यांचं हसणं ऐकत होता. त्याला खूप बरं वाटत होतं. आता हा राहणार, असं त्याने धरूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी खोलीतलं हसणं थांबलं. गेम अडखळायला लागला, ऑफिसची मीटिंग मधेच तुटली. कोळीवाड्यात इंटरनेट येतं ते पाहुण्यासारखं, मनात येईल तेव्हा. विठोबाने लोखंड पारखलं होतं, डिस्क पारखली होती, हे विचारायचं मात्र त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"मशीन एकदम कडक आहे बाबा," विनेश म्हणाला. "हे जर पनवेलला असतं ना..."

विठोबाने चहाचा कप खाली ठेवला. पोराला तोंड उघडून मागायला लागू नये, एवढंच त्या वेळी त्याला सुचलं. "मग ने की. न्यायलाच बांधलंय," तो म्हणाला. मशीन पोराला आवडलं नसतं तर घरात तरी राहिलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

जडातलं जड मशीन तिघांनी मिळून अलगद बाहेर आणलं. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून विपुलने त्याला पट्टा लावला, शेजारी स्क्रीन आणि यूपीएस. विनेशला भरून आलं असावं. "बाबा, तू पण चल ना चार दिवस," असं म्हणाला आणि त्याची नजर मागच्या सीटवर गेली. विठोबाचीही गेली.

"न्हाय रे. सुकी मासळी घातलीय वाळत," विठोबा म्हणाला. मासळी कसली? अंगणात एक बोंबीलसुद्धा नव्हता.

निघता निघता विनेशने खिशातून तळहाताएवढी डिस्क काढून बापाच्या हातात दिली. "आतलं सगळं हिच्यात उतरवलंय. आत दोन असल्या तरी एक प्रत दुसऱ्या गावात असावी. आग लागली, चोरी झाली, काही सांगता येत नाही. ही फक्त जपून ठेव."

"मग त्या दोन्ही गेल्या की ही न्यायला येशील?"

"यावंच लागेल ना," विनेश हसला. "पण तशी वेळ येणार नाही, बाबा. तू मशीनच असलं बांधलंयस."

गाडी वळणाआड गेली. विठोबाने डिस्क रुमालात गुंडाळली आणि कपाटात नीराबाईच्या लुगड्यांमध्ये ठेवली. कुणाची होडी बुडावी असं होडी हाकणारा तांडेल कधी मनात आणत नाही, वैऱ्याचीसुद्धा नाही. आणलं तर दर्या क्षमा करत नाही म्हणतात. पण कपाट लावताना विठोबाच्या मनात आलं, पनवेलच्या त्या दोन्ही डिस्क एकदम जाव्यात. तो स्वतःच दचकला. दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, दर्याकडे तोंड करून हात जोडले. मागणं मात्र परत घेतलं नाही.