फुटामागे एक सूत

बाबांना अमेरिका आवडत नसे, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बातम्यांत नाव निघालं की ते उठून रेडिओ बंद करत. माझा धाकटा भाऊ, चाळिशी उलटली तरी घरात बारक्याच, तिकडे नोकरीला गेला तेव्हा बाबांनी त्याची पेटी स्वतः बांधून दिली आणि पुढची अकरा वर्षं फोनवर हवापाण्यापलीकडे त्याच्याशी बोलले नाहीत.

मी वाचणारी. पंचविशीत मी त्यांच्यापुढे पुस्तकांतली कारणं मांडत असे: उलथवलेली सरकारं, तेल, लष्करी तळ, लांबच्या खेड्यांवर पडलेले बॉम्ब. बाबा पटाशीला धार लावत ऐकून घेत.

"खरं असेल," ते एकदा म्हणाले. "त्या लोकांचं दुःख मोठं आहे. माझं कारण बारा इंच आणि एक सूत लांबीचं आहे."

बाबा पंपांच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. पंपाचा भाग आधी लाकडात घडवायचा, तोच पॅटर्न; तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा, ठशात लोखंड ओतायचं. लहानपणी मी कोनाडा टेपने मोजला आणि फळी त्यांच्या पोलादी पट्टीने आखून कापली. तीन फुटांची फळी तीन सुतं जास्त भरली, कोनाड्यात शिरेना. बाबा पोटभर हसले. "ती पट्टी तुझ्या कामाची नाही. लोखंड गार होताना आकसतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून आमची पट्टीच तेवढी लांब."

कारखाना अमेरिकन कंपनीने घेतला तेव्हा तीन पाहुणे आले. ते ओतकामातले नव्हते. कारखाने विकत घेऊन त्यांची घडी बसवून देणारे होते. त्यांनी दोन दिवसांत अकरा पॅटर्न साध्या पट्टीने मोजले. अकराही मोठे भरले. कारखान्याच्या तेव्हाच्या साहेबांना कारण माहीत होतं, पण नव्या मालकापुढे तोंड कोण उघडणार? दोन पॅटर्न रंधून 'बरोबर' करण्यात आले. त्यांतून ओतलेली कवचं लहान निघून भंगारात गेली आणि तो ठपकाही पॅटर्नशॉपवरच बसला. शॉप बंद झालं. बाबांनी पुढची नऊ वर्षं गोदामात खोकी लावली.

बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी कारखान्याचं पत्र आलं. जुन्या शेडमध्ये प्रदर्शन उघडणार होतं, कामगारांच्या कुटुंबांना निमंत्रण होतं. सोबत फलकांचा मजकूर होता. चौथ्या फलकावर लिहिलं होतं: 'मोजमापातील त्रुटींमुळे पॅटर्नशॉप बंद करण्यात आले.'

बाबांच्या दिवसांसाठी आलेला बारक्या अजून घरीच होता. त्याची परतीची तारीख जवळ आली होती.

"ताई, सोड ना. कोण वाचतंय फलक?"

"मी वाचला."

"बाबांना आता काय फरक पडतो?"

"त्यांना नाही पडत. तू शर्ट बदल, आपल्याला जायचंय."

कारखान्याच्या ऑफिसात पीआरवाले साहेब होते, आणि प्रदर्शनासाठी मुद्दाम आलेली एक अमेरिकन बाई. साठीच्या आसपासची, केस आखूड, हातात वही. साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, "बाईंना वेळ कमी आहे."

"आम्हाला आहे," मी म्हटलं.

मला इंग्रजी येतं. तरी मी बारक्याला म्हटलं, "तू सांग." त्याने सांगितलं. मी वाक्यागणिक ऐकत होते. वडील फार मनस्वी होते, म्हणाला. थोडा गैरसमज झाला असावा, म्हणाला.

"असावा नाही," मी म्हटलं. "झाला. आणि गैरसमज नाही. यांनी विचारलं नाही. तसंच सांग."

"ताई, ते जरा उद्धट वाटेल."

"अकरा वर्षं तू तिकडे नम्रपणेच बोलतोयस. एकदा बाबांसारखं बोल."

त्याने माझ्याकडे बघितलं. बाबांचा अबोला आपल्यामुळे आहे असंच तो इतकी वर्षं समजत आला होता. पट्टीची गोष्ट त्याला मी आदल्या दिवशी पहिल्यांदा सांगितली होती. त्याने घसा साफ केला आणि या वेळी कुठेच धार बोथट केली नाही.

मी पिशवीतून दोन पट्ट्या काढल्या, एक बाबांची, एक बाजारातली, आणि शून्याला शून्य लावून टेबलावर ठेवल्या. बाईने चष्मा चढवला. बारा इंचांच्या रेघा एकमेकींपासून एक सूत दूर होत्या. तिने अंगठ्याचं नख त्या फटीत ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"त्यांनी हे कुणाला सांगितलं का नाही?" तिने विचारलं.

तेव्हा कारखान्याला दिलेल्या तीन अर्जांच्या प्रती मी पुढे सरकवल्या, बाबांच्या अक्षरातल्या. "सांगितलं. आमच्या भाषेत. भाषांतर करायची कुणाला गरज वाटली नाही."

साहेब चहाच्या कपात बघू लागले.

बाई म्हणाली, ते वाक्य काढून टाकता येईल. किंवा असं लिहू: त्या काळच्या पद्धती वेगळ्या होत्या.

"नाही," मी आता इंग्रजीतच म्हटलं. "असं लिहा: पॅटर्न बरोबर होते. तपासणाऱ्यांनी चुकीची पट्टी लावली."

तिने ते वहीत उतरवलं, शब्दन् शब्द. मग पेन ठेवून म्हणाली, "मला पटतंय. पण कंपनीची चूक फलकावर लिहायची तर मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल. आणि तिकडे आता रात्र आहे."

साहेब उठले. "मग आम्ही तुम्हाला कळवूच."

"उजाडेल की तिकडे," मी म्हटलं. "आम्ही बसतो."

साहेबांनी बारक्याकडे आशेने पाहिलं. बारक्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली, कोट काढून पाठीला अडकवला आणि शिपायाला म्हणाला, "काका, अजून दोन चहा मिळतील का? आमचं काम जरा लांबीचं आहे."

बाईने घड्याळ पाहिलं, आणि वही उघडून पहिल्या अर्जाची प्रत त्याच्यापुढे केली. "तोवर हे मला इंग्रजीत वाचून दाखवा. सगळं."

बारक्या वाचू लागला.