वेष्टनावरचा पस्तीस

“अनुप, सही करू नकोस.”

अर्चना काउंटरमागून म्हणाली आणि अनुपच्या डाव्या हातातले पेन कागदावर थबकले. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता.

संजयने तिच्याकडे डोळे वटारून पाहिले. बर्मिंगहॅममधले हे व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटचे, दुकान त्याचे आणि कागदही त्याचाच. ग्राहकाने बॅटरी चुकीची वापरली, दुकानाचा काही संबंध नाही, असे त्यावर सुबक टाइप केलेले. अनुप बस चालवायचा. तीन आठवड्यांपूर्वी डेपोबाहेर व्हेप ओढताना त्यातली बॅटरी त्याच्या मुठीतच फुटली. आता बोटे मिटत नव्हती. पुन्हा स्टिअरिंग धरता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

“माझंच चुकलं असेल, ताई,” अनुप म्हणाला. “बटण जास्त वेळ दाबलं असेल मी. ऑनेस्टली, आठवत नाही.”

ते ऐकून अर्चनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात भाजला याचा आणि माफी मागतोय हाच.

जळगावला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकलेली ही बाई इथे नऊ वर्षे फ्लेवरच्या बाटल्या रचत होती. पण कॉइल, म्हणजे आतला रस तापवणारी तार, मोजायची तर मीटर तिचाच. अनुपचे यंत्र म्हणजे नुसती पितळी नळी. आत सर्किट नाही, जादा करंट अडवणारे काही नाही. बटण दाबले की बॅटरी थेट कॉइलला जोडली जाते. त्याने ते विकत घेतले त्या दिवशी तिने कॉइल मोजली, गणित केले, अठ्ठावीस अँपियर आले. बॅटरीच्या वेष्टनावर पस्तीस छापलेले. “चालेल,” ती म्हणाली होती. कॉइल स्वतः मोजली आणि बॅटरीचे मात्र छापील अक्षर खरे मानले. हे तिला तीन आठवडे खात होते.

तिने शेल्फवरची तशीच एक बॅटरी उचलली. बॅटरी शॉर्ट होऊ नये म्हणून ब्लेड घेतले नाही, वेष्टन नखाने सोलायला लागली.

“ताई, माल खराब करू नका,” संजय म्हणाला.

झळझळीत जांभळ्या वेष्टनाखाली दुसरे निघाले, मळकट हिरवे. तिने बॅटरी उलटी केली. बुडाला दोन बारीक ठिपके, पॉलिश पेपरने घासूनही न गेलेले.

“हे बघ, अनुप. वेल्डिंगच्या खुणा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल आहे हा. पाच-सात अँपियरच्या वर ओढलं की तापणार. तुझाही असाच. तू बटण कसंही दाब, तो फुटणारच होता.”

“सप्लायरकडून असेच येतात,” संजय म्हणाला. “अख्खं मार्केट हेच विकतं. तुम्ही कशाला मध्ये पडताय?”

“मी मध्येच आहे, संजय. चालेल म्हणून याला मीच सांगितलं. तू निदान विकून मोकळा झालास.”

संजयने कागद अनुपच्या आणखी जवळ सरकवला. त्या निर्लज्ज बोटांकडे पाहून तिला वाटले, तशीच एक पितळी नळी याच्याच हातात द्यावी आणि म्हणावे, दाब आता बटण.

अनुपने पेन खाली ठेवले. “ताई, मग माझं नाही ना चुकलं?”

“तुझं नाही. माझं चुकलं. आणि ते मी कौन्सिलमध्ये, ग्राहकांच्या तक्रारी घेतात तिथे, जाऊन सांगणार आहे.”

तिने सोललेली बॅटरी आणि शेल्फवरच्या आणखी तीन घेतल्या. प्रत्येक बॅटरीच्या दोन्ही टोकांना तिने टेप लावली, त्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवल्या, बॅटऱ्यांना धातू लागू नये म्हणून घराच्या किल्ल्या पर्समधून काढून कोटाच्या खिशात टाकल्या. दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली. मीटर मात्र बरोबर घेतला.

बसमध्ये अनुप तिच्या शेजारी बसला. सर्कलपाशी ड्रायव्हरने स्टिअरिंग डावीकडे वळवले, तेव्हा मांडीवर ठेवलेला अनुपचा बँडेजमधला हात आपोआप डावीकडे वळला.