उबेच्या पेटीची एक सुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि अजूनही वैतागलेली आहे. वय झालं की राग निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही.

माझा जन्म मेहकरचा. निवृत्ती सुतारानं मला सागवानी फळ्यांच्या दुहेरी भिंती केल्या, मध्ये ठासून भुसा भरला, आत विजेचा दिवा लावला आणि ऊब फार झाली तर बाहेर सोडायला एक बूच ठेवलं. जन्मभर बिघाड म्हणून झाला नाही माझ्यात. बिघाड होता तो माणसांत.

ते दुष्काळाचं साल होतं. कडबा संपला होता. शिवारात पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या होत्या, पण कापसाची ती वाळकी झाडं गुरं चावून टाकून द्यायची. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शालिग्राम सरांना एक कल्पना सुचली. आपण भाजी करून खातो ती धिंगरी अळंबी लाकूड पचवूनच तर वाढते! तिचा पाचक रस, ज्याला पुस्तकात विकर म्हणतात, बाटल्यांत गोळा करावा, पऱ्हाटीवर शिंपडावा आणि ती मऊ करून गुरांना घालावी. प्रश्न एवढाच होता, की अळंबीला काय खायला घातलं आणि किती उबेत ठेवलं तर रस जास्त सुटतो. त्यासाठी मी होते. अळंबीच्या बाटल्या मी लेकरांसारख्या पोटात सांभाळायची.

सरांची कळकळ खरी होती, पण घाई भारी. एकाच दिवशी माझी ऊब वाढवायची, बाटल्यांतला खुराक बदलायचा आणि वरून चुन्याची निवळीही घालायची! मग रस वाढला तर कशानं वाढला आणि घटला तर कशानं घटला, कळणार कुणाला? अहो, एका वेळी एकच काय ते बदला ना! मी आतल्या आत ओरडत होते. पण पेटीला तोंड कुठलं?

त्यात सरांचा राग नाकावर. एकदा गावचीच वीज गेली नि माझा दिवा विझला, तर प्रयोगशाळेतल्या सहदेव शिपायाला त्यांनी पोरांदेखत झापलं. "तुझं ध्यान कुठं असते बे? पुन्हा पेटी थंड झाली तर घरी बस!" सहदेव मान खाली घालून उभा राहिला. मला फार वाईट वाटलं.

प्राचार्यांनीही निक्षून सांगितलं होतं, "दिवाळीच्या आत काही करून दाखवा, नाहीतर ही खोली भूगोलाला जाईल."

दसऱ्याच्या सुट्टीत सर साखरखेर्ड्याला घरी गेले. जाताना घाईघाईनं बाटल्यांत सरकीची पेंड घालून गेले. खंडेनवमीला सहदेव न्हाऊन आला. त्यानं मला पुसलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि माझा दिवा बंद केला. "वर्षभर राबतं माय," तो म्हणाला, "आज तुले सुट्टी. औजाराले आज काम सांगत नसतात."

मला कधी कुणी माय म्हटलं नव्हतं. मी गार पडत गेले, माझ्या पोटातल्या बाटल्याही गारठल्या. दसरा झाल्यावर त्यानं दिवा पुन्हा लावला.

सर परतले, बाटल्यांतला रस गाळला, त्यात पऱ्हाटीच्या काड्या भिजवल्या. काड्या बोटांनी चुरडल्या गेल्या! असं कधीच झालं नव्हतं. सर आनंदानं नाचायचेच बाकी होते. मग एकदम डोळे वटारून त्यांनी विचारलं, "मी नसताना पेटीले हात तर नाही लावला ना तू? लावला असशील तर याद राख!"

सहदेवचा चेहरा उतरला. "नाही जी. म्या कायले हात लावू?"

झालं! सगळं श्रेय पेंडीला गेलं. सरांनी पेंड दुप्पट केली आणि मला गार म्हणून पडू दिलं नाही. अहो, रस सुटला तो त्या गारठ्यानं; गारठा द्या, गारठा! माझा नुसता जळफळाट होत होता. प्रयोग पाहायला शेतीखात्याचे साहेब आले, प्राचार्य आले, अंगणात एक भुकेला बैलही आणून बांधला. सरांनी रसात भिजवलेली, पण टणकच राहिलेली पऱ्हाटी त्याच्यापुढे टाकली. बैलानं हुंगलं, फुरफुरला आणि तोंड फिरवलं.

खोली भूगोलाला गेली. भिंतीवर नकाशे चढत होते आणि सर बाटल्या रिकाम्या करत होते. तेव्हा सहदेव दाराशी येऊन अडखळत म्हणाला, "सर, एक सांगू? त्या नवमीले म्या पेटी बंद ठेवली होती."

सरांच्या हातातली बाटली तशीच राहिली. ते स्टुलावर बसले.

"तवाच काऊन नाही सांगितलं, सहदेव?"

"तुम्ही विचारलं, पण असं विचारलं जी, का सांगाची हिंमतच नाही झाली."

बाहेर अंगणात अजून त्या पऱ्हाट्या पडल्या होत्या.

मित्रांनो, यंत्रांना पुसा, तेलपाणी करा, निगा राखा. पण त्या यंत्रापाशी राबणारं माणूस खरं सांगायला भीत असेल, तर आधी त्याची भीती काढा. आमच्या शिवारातली गुरं त्या वर्षी उपाशी राहिली, आणि त्यांचा चारा कशानं तयार झाला असता हे सांगू शकणारं माणूस त्याच खोलीत गप्प उभं होतं.