बातमी नको, माहिती द्या

आमच्या रेडिओला बातमी सांगायला बंदी आहे. गाणी लावा, बाळाला कसं पाजावं ते सांगा, भाज्या कशा धुवाव्यात ते सांगा. पण काल काय झालं आणि आज काय चाललंय, ते सांगायचं नाही. तो मान सरकारी केंद्राचा. आम्ही पडलो दोन-चार वस्त्यांपुरतं, तीन खोल्यांचं केंद्र. आम्हाला तेवढी अक्कल नाही, असं परवान्याच्या सातव्या कलमात फार सभ्य भाषेत लिहिलंय.

पहिली नोटीस पुलापायी आली. पुलाचा कठडा कोसळला, रहदारी बंद झाली आणि मी ते सांगून टाकलं. सुनावणीला गेले, तर नियामक कार्यालयातले साहेब हेडफोन लावून माझाच आवाज ऐकत बसले होते.

"मॅडम, 'पूल बंद आहे' ही बातमी झाली," ते म्हणाले. "'पुलावरून जाताना काळजी घ्यावी' ही माहिती. माहिती द्या ना, कोण अडवतंय?"

"पण साहेब, पूल बंदच होता. काळजी घेऊन माणसांनी जायचं कुठून?"

"तो प्रश्न बांधकाम खात्याचा," साहेब म्हणाले आणि चहा मागवला. स्वतःपुरता.

दुसरी नोटीस आली ती दवाखान्यात आठवडाभर डॉक्टर नाहीत, हे सांगितल्याबद्दल. तिसरी आली की परवाना रद्द, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं. तेव्हापासून बाईंनी लाल पेन हातात घेतलं. बाई म्हणजे आमचं केंद्र उभं करणाऱ्या निवृत्त शिक्षिका. माझ्या प्रत्येक कागदावर 'आज', 'काल', 'बंद', 'फुटलं' असलं काही दिसलं की त्यांची काट पडायची. महिन्याभरात मी इतकी तरबेज झाले की काट मारायची वेळच येईना. माशातले काटे काढावेत तशी मी बातमीतली बातमी काढून टाकायची. बाई कौतुक करायच्या. सांगायला लाज वाटते, पण मला ते कौतुक आवडायचं.

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पंपवाल्याचा फोन आला. नळाला पाणी किती वाजता येणार ते तो आम्हाला रोज कळवतो. वेळापत्रक ही माहिती, ती चालते.

"ताई, खालच्या वस्तीला सांगा, नळाचं पाणी पिऊ नका. गटाराची लाइन फुटलीय आणि सगळी घाण नळाच्या लाइनीत शिरतेय. मी स्वतः बघून आलोय."

"तुझ्या साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, तपासणीचा अहवाल येईपर्यंत तोंड बंद ठेव. पाणी मात्र सोड म्हणाले, नाहीतर लोक बोंबा मारतील."

मी एका ओळीचा कागद लिहून बाईंपुढे धरला: खालच्या वस्तीत आज नळाचं पाणी पिऊ नका. बाईंचं पेन कागदावर थबकलं.

"कोण म्हणतंय?"

"पंपवाला."

"लेखी आहे?"

"बाई, गटार फुटताना लेखी देतं का?"

"ओरडू नकोस. पंधरा वर्षं घातलीत मी इथे. तिसरी नोटीस आली तर उद्यापासून कुलूप. मग या बायकांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोण आहे? आपण टिकलो तर पुढे काहीतरी सांगू तरी शकू."

मी तिथे भांडायला हवं होतं. टेबल उलथवायला हवं होतं. मी काय केलं? कागद परत घेतला आणि लिहिलं: पिण्याचं पाणी नेहमी उकळून, गाळून प्यावं. स्वच्छ पाणी, निरोगी घर. लाल पेन त्याला लागलंसुद्धा नाही. कसं लागेल? हेच वाक्य मी दर मंगळवारी आरोग्याच्या कार्यक्रमात वाचते. लोक ते ऐकत ऐकत नळाखाली भांडं धरतात.

मी ते गोड आवाजात वाचलं आणि गाणं लावलं. गाणं चार मिनिटांचं होतं. तेवढ्यात बाहेरच्या बोळात जाऊन मी आईला फोन केला. आई खालच्याच वस्तीत राहते.

"आई, नळाचं पाणी तोंडाला लावू नकोस. भरलेलं सगळं ओतून दे. गटार मिसळलंय त्यात."

फोन ठेवला तेव्हा गाण्याची दोन मिनिटं उरली होती. मला हायसं वाटलं. तेच आता घशाखाली उतरत नाही.

गुरुवारी शिवणवाल्या काकू गेल्या. आईच्या घराला त्यांची भिंत लागून. माझे शाळेतले सगळे गणवेश त्यांनी शिवलेले. दोन दिवस उलट्या-जुलाब झाले आणि अंगातलं पाणीच संपलं. मी इस्पितळात पोचले तेव्हा व्हरांड्यात सतरंज्यांवर वस्तीतली चाळीसएक माणसं पडली होती आणि आई काकूंची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. ती रडत नव्हती. संतापली होती.

"तुझा फोन आला तशी मी दारोदार फिरले," ती म्हणाली. "सगळ्यात आधी काकूंकडे गेले. म्हटलं, हंडा ओता. तर हसल्या. म्हणाल्या, 'अहो, खरं असतं तर तुमच्या लेकीने रेडिओवर सांगितलं नसतं का? आत्ताच तर ऐकलं मी तिला. गाणं लावलंय तिने.'"

आईने पिशवीतून बाहेर आलेलं काकूंचं लुगडं आत सारलं.

"ज्या दारात गेले त्या दारात हेच ऐकलं. म्हातारी काहीबाही बोलते म्हणाले. तुझ्या आवाजापुढे माझं कोण ऐकणार गं?"

शुक्रवारी सकाळी नियामक कार्यालयाचा ईमेल आला. मंगळवारपासून खालच्या वस्तीतील नळाचे पाणी पिऊ नये, ही सूचना प्रसारित करण्यास हरकत नाही. तीन दिवसांनी हरकत नाही! बाईंनी तो छापून माझ्या हातात दिला.

"वाच आता," त्या म्हणाल्या. "आता परवानगी आहे."

मी तो कागद त्यांच्यासमोर टराटरा फाडला, स्टुडिओत गेले आणि आतून कडी लावली. बाई काचेपलीकडे आल्या. मेन स्विच त्यांच्या हाताशीच होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, पण हात पुढे केला नाही.

मी माइक सुरू केला.

"खालच्या वस्तीत नळाच्या पाण्यात गटार मिसळलंय. ते पिऊ नका. आमच्या शिवणवाल्या काकू त्या पाण्याने गेल्या. चाळीस माणसं इस्पितळात आहेत. हे मला मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कळलं होतं. मी ते फक्त माझ्या आईला सांगितलं."