पडद्याआडची मालिश

वसंताच्या हातात मालिशीची विद्या होती, पण घरच्याच लेकराला तिचा उपयोग नव्हता. परतूरच्या तालमीत त्यानं उभी जवानी पैलवानांचे खांदे रगडण्यात घालवलेली. रिवाजच तसा, मेहनत झाली की एकमेकांना रगडायचं. पण त्याची राजनंदिनी तालमीतली एकुलती एक मुलगी. तिला कोण रगडणार? लहानपणी बाप रगडायचा. ती मोठी झाली तसं वसंतानंच चारचौघांत जाहीर केलं, "आता तिची आई बघंल." लोकांनीही माना डोलावल्या, मोठे शहाणे!

उद्या जालन्यात कुस्तीची निवड, आणि आज राजनंदिनीचा खांदा आखडलेला. या खेपेला जमलं नाही तर कुस्ती बंद, हे घरात ठरून गेलं होतं.

तिची आई बेबीनंदा तेलाची वाटी घेऊन तिच्यापाशी आत बसली. बाहेर पडद्याशी वसंता.

"फऱ्याच्या, त्या खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या कडंनं दाब. गाठ लागंल."

"कुठं गाठ? मला सगळं सारखंच लागून राह्यलंय!"

"अगं, अंगठ्यानं!"

"आई गं!" पोरगी कळवळली.

वसंता चरफडला. बेबीनंदाला तान्ही बाळं चोळायची सवय. एक तर कुरवाळायची, न्हाई तर भलतीकडंच जोर. त्यानं बसल्या जागी स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं, ते बराबर जागेवर पडलं. पण बोटाला कळतं ते तोंडानं सांगायचं कसं?

"पप्पा, तुम्हीच या ना," आतून आवाज आला. "आई हाय की इथं."

तो उठला. पडदा धरला. अट त्याचीच, मोडायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी पाय उचलेना. त्याला लाज वाटली, आणि पोटच्या पोरीची लाज वाटते याची त्याहून जास्त वाटली.

"राहू द्या पप्पा," ती हळूच म्हणाली. "जाते अशीच."

दुसऱ्या दिवशी मॅटवर तिचा उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. समोरचीनं तोच धरून ओढला, आणि राजनंदिनी चीत झाली. वसंता मटकन बाकावर बसला.

तेवढ्यात तालमीतला कल्याण आला आणि नेहमीसारखा त्याच्याकडं पाठ करून बसला. "वस्ताद, माझी कुस्ती हाय आता. खांदा जरा बघता?"

वसंताचे हात आपोआप उठले. अंगठा नेमका गाठीवर पडला, आणि कल्याणनं सुखानं डोळे मिटले.

समोर राजनंदिनी डाव्या हातानं पिशवी उचलत होती. ती थांबली आणि बापाच्या हातांकडं बघत राहिली.