अकराव्या पानावरची चूक

हेमा धोटेनं झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून अकरावं पान बाहेर काढलं, जरा वेळ हातात धरलं आणि पुन्हा होतं तिथं सरकवून दिलं. समोरच्या खुर्चीत दशरथ टिंगरे ताठ बसले होते. पासष्टी उलटलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर रेक्झिनची पिशवी. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून ते ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच येऊन थांबले होते. पाणी विचारलं, तर नको म्हणाले.

खगोलशास्त्राच्या या संस्थेत अशी माणसं आणि अशी पत्रं नवी नव्हती. कोणी सापेक्षतावाद खोटा ठरवलेला असे, कोणाला विश्वाचं केंद्र सापडलेलं असे. त्यांना उत्तरं लिहिण्याचं काम तरुण संशोधकांच्या गळ्यात पडायचं, आणि गेली पाच वर्षं ते हेमाकडे होतं. बहुतेक गठ्ठे दुसऱ्या पानावरच आटोपत. टिंगऱ्यांचा गठ्ठा तीनशे बारा पानांचा होता आणि तो तिनं शेवटपर्यंत वाचला होता, कारण या माणसाला गणित येत होतं. खडकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं टर्नर, रात्रशाळेतून मॅट्रिक, आणि पुढचं सगळं अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या पुस्तकांवरून, एकट्यानं. अक्षर असं, की एकेक समीकरण लेथवरून उतरवल्यासारखं.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कृष्णविवरात काहीही पडत नाही. लांबून पाहणाऱ्याला पडणारी वस्तू विवराच्या कडेजवळ मंदावत जाते, अंधूक होत जाते, पण कड ओलांडताना कधीच दिसत नाही. हे बरोबरच होतं. टिंगऱ्यांनी त्यापुढं जाऊन सिद्ध केलं होतं, की ती कड ओलांडतच नाही. आजवर जे जे आत गेलं असं आपण समजतो, ते सगळं अजून तिथंच आहे, कडेवर थांबलेलं.

हेमाला आज त्यांना दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक त्यांची चूक. दुसरी ही, की पुढच्या महिन्यापासून अशा पत्रांना उत्तर म्हणून संस्था एक छापील कार्ड पाठवणार होती आणि भेटायला कोणी मिळणार नव्हतं. तिसरी गोष्ट त्यांना सांगण्याचं कारण नव्हतं. शुक्रवारी तिचा इथला शेवटचा दिवस होता. सोमवारपासून ती हिंजवडीच्या एका कंपनीत परदेशातल्या कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर तपासणार होती. त्याच कडेजवळ फिरणाऱ्या वायूच्या प्रकाशावर तिनं पाच वर्षं घातली होती. आठ महिन्यांपूर्वी जपानमधल्या एका गटानं तेच उत्तर, तिच्यापेक्षा चांगल्या निरीक्षणांनिशी, छापून टाकलं. त्यानंतर तिनं केलेले तिन्ही अर्ज परत आले. नोकरीचं कळल्यावर वर्ध्याला बाबांनी गल्लीत पेढे वाटले. प्रबंध मान्य झाला होता तेव्हा, आता पुढं काय, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"काका," ती म्हणाली, "अकराव्या पानावर एक चूक आहे."

टिंगऱ्यांनी मान हलवली. पुढं बोला, अशी.

तिनं पान त्यांच्याकडे फिरवलं आणि समजावून सांगितलं. इथं त्यांनी लांबून पाहणाऱ्याचं घड्याळ धरलं होतं. पडणाऱ्या वस्तूचं घड्याळ वेगळं चालतं. आपल्याला ती कडेवर थांबलेली दिसते, कारण तिच्याकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला जास्त जास्त उशीर होत जातो. तिच्या स्वतःच्या घड्याळात ती केव्हाच पलीकडे गेलेली असते. बारावं पान या अकराव्यावर उभं होतं, तेरावं बाराव्यावर, आणि असं करत तीनशे बारा.

"म्हणजे जॉब भंगारात," टिंगरे म्हणाले.

त्यांच्या आवाजात धक्का नव्हता; लेथवरचा एक तुकडा बिघडला म्हणावं, तेवढंच. हेमानं चमकून वर पाहिलं. त्यांनी पिशवी उघडली, लाल कापडी बांधणीची मूळ वही काढली, अकरावं पान उघडलं आणि तिच्यापुढं ठेवलं. झेरॉक्समध्ये कोरा असलेला समास इथं कोरा नव्हता. निळ्या शाईत एक ओळ होती: 'येथे वस्तूचा स्वतःचा काळ घ्यावा.' खाली चौधरी अशी सही आणि १९९४ साल. त्याखाली दुसऱ्या हातानं, इंग्रजीत, तेच. मुखर्जी, १९९९. झेरॉक्स काढताना टिंगऱ्यांनी समासावर कागदाची पट्टी धरली असणार.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या आधीच्या दोघांनी सांगितलं हुतं. त्यांचंबी बरोबरच हाय."

"मग पुढची तीनशे पानं?"

टिंगऱ्यांनी सावकाश सांगितलं. सरुबाई, त्यांची बायको, ब्याण्णव साली गेली. त्या दिवशी ते दुसऱ्या पाळीला होते. कारखान्यात निरोप पोचला, पण फोरमननं तो पाळी संपल्यावर दिला. ते घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसं अंगणात बसून होती. वही त्यांनी त्याच वर्षी सुरू केली. वर्तमानपत्रात कृष्णविवरावर एक लेख आला होता, तो वाचून.

"म्हटलं, विचारत राहावं," ते म्हणाले. "एखादा तरी म्हणंल, चूक न्हाई."

बाहेर माळी पाइप ओढत नेत होता, त्याचा आवाज खिडकीतून येत राहिला.

"एक विचारायचं त्या साहेबांना राहून गेलं," टिंगरे म्हणाले. "ती कड ओलांडताना तिला काही कळतं का?"

वस्तूला, असं ते म्हणाले नाहीत. तिनंही विचारलं नाही.

"विवर मोठं असेल तर काहीच नाही," ती म्हणाली. "तिच्यासाठी ती जागा बाकीच्या जागेसारखीच असते. कधी ओलांडली, तेही कळत नाही."

विवर लहान असेल तर वस्तू कडेपर्यंत पोचण्याआधीच कशी ताणून फाटते, ते तिला आकड्यांनिशी माहीत होतं. तिच्या प्रबंधाचं ते एक प्रकरणच होतं. टिंगऱ्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी फक्त दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग वही तिच्याकडे सरकवून म्हणाले, "तुमचंबी लिवा. तारीख घाला."

तिनं मुखर्जींच्या खाली लिहिलं. ओळ तीच, शब्द थोडे वेगळे. सही केली, २००४ घातलं. चौधरी आणि मुखर्जी आता कुठं असतात, असं तिनं विचारलं, विचारायला नको होतं तरी.

"चौधरी साहेब बंगलोरला. कॉम्प्युटरमध्ये. मुखर्जी साहेब अमेरिकेत, तेबी कॉम्प्युटरमध्येच." शाई वाळली का ते त्यांनी बोटाच्या टोकानं पाहिलं आणि वही मिटली. "पुढच्या खेपेला कुणाला विचारू? गेटवर नाव सांगावं लागतं."

छापील कार्डाची एक प्रत हेमाच्या फायलीत वरच होती. तिनं फायलीवर हात ठेवला.

"माझंच सांगा."

टिंगऱ्यांनी खिशातून पेन काढलं आणि बसच्या तिकिटाच्या मागं लिहू लागले. "धोटे. धरणातला ध ना?"

"हो."

"चौधरी साहेबांनीबी बंगलोरला जायच्या आधी त्यांचंच नाव दिलं हुतं," ते म्हणाले, आणि टोपण लावून त्यांनी पेन परत खिशाला अडकवलं.